हुंकाराचा मुलूख

एखाद्या प्रदेशाची ओळख करून द्यायची म्हणजे त्याच्या नद्या, किल्ले आणि पिके सांगायची, असा आपला रिवाज आहे. बीदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या उत्तर सीमेवरील दोन जिल्ह्यांची ओळखही तशी करून देता येईल. मांजरा आणि भीमा या दोन नद्या, बीदरचे तांबड्या जांभ्या दगडाचे पठार, त्याखाली पसरलेली काळी जमीन, त्या जमिनीतली तूर आणि ज्वारी, आणि दोन शहरांतले दोन बहामनी किल्ले. निजामाच्या राज्यात हा भाग होता. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. सोयरिकी मात्र कुठेच गेल्या नाहीत. आजही इकडच्या लेकी तिकडे नांदतात आणि तिकडच्या इकडे.

पण या भागात आयुष्यभर शिक्षकी केल्यानंतर मला या मुलखाची जी ओळख पटली आहे, ती निराळी आहे. हा गोष्टी ऐकणाऱ्यांचा मुलूख आहे. गोष्ट सांगणारे सर्वत्र असतात. ऐकण्याची रीत मात्र इथे कसोशीने सांभाळली गेली. आजीने गोष्ट सुरू केली की ऐकणाऱ्याने मधूनमधून हुंकार भरायचा. मराठी घरात तो 'हं' असा येतो, दखनी बोलणाऱ्या घरात 'हौ' असा आणि कन्नड घरात 'हौदु' असा. तीन भाषा आणि तिन्हींचा होकार एकाच वर्णाने सुरू होतो. हुंकार थांबला की आजी थांबे आणि विचारी, "निजलास का रे?" कथेचा दोर असा दोघांच्या हाती असे.

कथनाच्या रीती काळाबरोबर कशा बदलत गेल्या, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना जुनाच आहे. ग्रंथालयात बसून त्याचे उत्तर शोधता येते, तसे या दोन जिल्ह्यांतून चार दिवस हिंडूनही शोधता येते. कारण गेल्या नऊशे वर्षांतली जवळजवळ प्रत्येक रीत इथे कुठल्यातरी गावात आपली खूण ठेवून गेली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तसा हिंडलो. जे दिसले ते वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ बसवकल्याणपासून करणे योग्य. आजचे हे तालुक्याचे गाव एके काळी कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होते. येथील राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने कोणकोणत्या प्रकारे मन रमवावे, याची त्यात सविस्तर चर्चा आहे आणि त्या विनोदांत 'कथाविनोद' हाही एक आहे. तिथे ऐकणारा राजा आहे, आणि त्याची घटकाभर करमणूक व्हावी म्हणून कथा आहे. त्याच ग्रंथात, संगीताच्या ओघात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख येतो. मराठी वाचकाला हा उल्लेख मोलाचा वाटतो तो ओवीच्या प्राचीनतेमुळे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच ग्रंथात दोन श्रोते आहेत: आसनावर रेललेला राजा आणि मुसळाच्या घावाबरोबर गाणाऱ्या बाईला साथ देणारी दुसरी बाई. राजाची कथा त्याच्या सवडीने लांबते. बाईची ओवी मुसळाच्या घावाइतकीच लांब असते. ऐकणारा कोण आणि तो कोणत्या अवस्थेत आहे, यावर कथनाचे माप ठरते, हे पहिले सूत्र मला इथेच हाती लागले.

त्यानंतर अवघ्या एका पिढीच्या अंतराने याच कल्याणात बसवण्णा, अल्लमप्रभू आणि अक्कमहादेवी यांची वचने घुमू लागली. आता श्रोता बदलला होता. चांभार, परीट, नावाडी, सुतळी वळणारे असे कष्टकरी शरण एकत्र बसून बोलत होते. त्यांना लांब आख्यान नको होते. वचन थोडक्यात संपते आणि संपताना आपल्या इष्टदैवताला हाक मारते. बसवण्णांच्या वचनात ती 'कूडलसंगमदेव' अशी असते, अल्लमप्रभूंच्या वचनात 'गुहेश्वर' अशी. म्हणजे श्रोता वचनाच्या अंगातच विणलेला असतो. पुढे पंधराव्या शतकात ही सुटी वचने 'शून्यसंपादने' या ग्रंथात संवादांच्या रूपाने गुंफली गेली. एकाने विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे आणि त्यातून शरणांचे चरित्र उलगडत जावे, अशी ती मांडणी आहे. शरणांना प्रत्यक्ष पाहिलेला श्रोता उरला नव्हता. त्याच्यासाठी ती सभाच पुन्हा भरवावी लागली.

कल्याणहून बीदरला यावे. अहमदशहा वली (राज्यकाल १४२२ ते १४३६) याने बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. दोन्ही जिल्ह्यांचे नाते तेव्हापासून अधिकच घट्ट झाले. याच काळात बीदरला निजामी नावाच्या कवीने 'कदमराव पदमराव' ही दखनी मसनवी रचली. आज उपलब्ध असलेल्या दखनी आख्यानकाव्यांत ती सर्वांत जुनी मानतात. तिच्यात नागांचा राजा आहे, जोगी आहे, परकायाप्रवेश आहे. सामग्री सगळी इथल्या मातीतली आणि घाट फारसीचा. नव्या दरबारात जुनी गोष्ट सांगायची तर तिला दरबाराचे वस्त्र नेसवावे लागले.

बीदरपासून जवळच अष्टूर येथे बहामनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांत अहमदशहाची कबर आजही पूजली जाते. आतल्या भिंतींवर आणि घुमटात रंगीत व सोनेरी अक्षरांत सूफी गुरुपरंपरा लिहिलेली आहे. ती वाचणारे आज थोडेच. पण होळीनंतर भरणाऱ्या इथल्या उरुसाला जो समुदाय लोटतो, त्याला ही कथा वेगळ्या मार्गाने कळलेली असते. मुसलमान भाविक या सुलतानाला वली मानतात. अनेक लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. कलबुर्गी जिल्ह्यातील मध्याळ या गावाहून एक जंगम आपल्या मंडळींसह पायी चालत येतो, आणि त्याच्या आगमनाशिवाय उरूस पुरा होत नाही. उरुसाची तिथीही हिंदू पंचांगाने ठरते. इथे कथा कोणी तोंडाने सांगत नाही. ती चालून सांगितली जाते, आणि वाटेवरचे प्रत्येक गाव तिला हुंकार देते. भिंतीवरची अक्षरे आणि रस्त्यावरची पावले, या एकाच पुरुषाच्या दोन चरित्रांच्या दोन रीती आहेत. सहाशे वर्षांत त्यांनी एकमेकींना खोटे ठरवलेले नाही.

बीदरच्या दरबाराशी जोडलेल्या आणखी दोन कथा मराठी मुलखात सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पहिली मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेला खुली केली, बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडला, आणि ते बीदरच्या वाटेवर असताना विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने दरबारात येऊन धान्याची किंमत चुकती केली व पावती घेतली. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा ओवीबद्ध केली आहे. दुसरी कथा महार समाजाच्या परंपरेतली, अमृतनाकाची. संकटात सापडलेल्या बेगमेला त्याने सुखरूप परत आणले. आपल्या निष्ठेचा पुरावा त्याने जाण्यापूर्वीच डबीत बंद करून बादशहापाशी ठेवला होता. आणि संतुष्ट झालेल्या बादशहाकडून त्याने स्वतःसाठी काही न मागता आपल्या समाजासाठी बावन्न हक्कांची सनद मागून घेतली, अशी ती कथा आहे.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक नवल दिसते. दोन्हींचा कळस एक कागद आहे. एकीत पावती, दुसरीत सनद. जुन्या पुराणकथेत देव प्रसन्न झाला की पुष्पवृष्टी होते. इथे देव प्रत्यक्ष येतो, तरी त्याला शिक्क्याची पावती घ्यावी लागते. ज्या रयतेचा हरघडी दफ्तराशी संबंध येत होता, कारकुनाच्या लेखणीवर जिचे बरेवाईट अवलंबून होते, तिला पटेल असा पुरावा म्हणजे कागदच. सांगणाऱ्याने श्रोत्याचे जग ओळखले आणि चमत्कारालाही त्या जगाचा शिक्का मारून घेतला.

आता बीदर सोडून भीमाकाठी जाऊ. २०१७ च्या ऑक्टोबरात बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. कलबुर्गीच्या पुढे आळंद तालुक्यात कडगंची आणि अफजलपूर तालुक्यात गाणगापूर. गाणगापूर मराठी माणसाला सांगायला नको. भीमा आणि अमरजा यांचा संगम, औदुंबर, निर्गुण पादुकांचा मठ आणि दुपारची माधुकरी. कडगंचीला मात्र फारसे कोणी थांबत नाही. 'गुरुचरित्रा'चे कर्ते सरस्वती गंगाधर यांचे पूर्वज सायंदेव हे नृसिंह सरस्वतींचे शिष्य; परंपरा त्यांचे गाव कडगंची मानते. सायंदेवांपासून सरस्वती गंगाधर पाचवी पिढी. आपल्याला मराठी भाषा नीट येत नाही, असे हा कवी ग्रंथारंभी विनयाने सांगतो आणि ग्रंथात कन्नड पदेही घालतो. घरातली भाषा एक आणि ग्रंथाची भाषा दुसरी, ही स्थिती माझ्या वर्गातल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

'गुरुचरित्रा'ची कथनरीत तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतो. सिद्धांच्या सांगण्यात गुरू कोणा भक्ताला काही सांगतात, आणि गुरूंच्या सांगण्यात पुराणातला कोणी ऋषी कोणा राजाला सांगतो. कथेच्या पोटात कथा, तिच्या पोटात आणखी एक. ही घडण आपल्याकडे 'पंचतंत्रा'इतकी जुनी आहे. सरस्वती गंगाधरांनी तिचा जो उपयोग केला तो मला बीदरमुळे अधिक उमगला. नवव्या अध्यायात कुरवपूरचा एक परीट येतो. श्रीपाद श्रीवल्लभांची तो निष्ठेने सेवा करतो. एक दिवस नदीवर राजाचे वैभव पाहून त्याच्या मनात राज्यभोगाची इच्छा उमटते, आणि गुरू त्याला पुढच्या जन्मी राजा होशील असा वर देतात. परीट कथेतून नाहीसा होतो. चाळीस अध्याय उलटतात. पन्नासाव्या अध्यायात वैदुरा नगरीचा, म्हणजे आपल्या बीदरचा, यवन राजा येतो. त्याच्या मांडीवर फोड उठला आहे आणि वैद्य हरले आहेत. पापविनाशी तीर्थावर त्याला मार्ग सांगणारा भेटतो. बीदर शहरालगतचे पापनाश ते हेच, असे लोक मानतात. राजा गाणगापूरला येतो. गुरू त्याला परीट म्हणून हाक मारतात आणि इतके दिवस कुठे होतास, असे विचारतात. त्या एका हाकेने त्याला मागचा जन्म आठवतो.

या ग्रंथाचे सात दिवसांचे पारायण करण्याचे जे प्रचलित क्रम आहेत, त्यांपैकी एका क्रमात पहिला दिवस नवव्या अध्यायाशी संपतो आणि पन्नासावा अध्याय शेवटच्या दिवशी येतो. म्हणजे राजाला हाक ऐकून जे आठवते, तेच ऐकणाऱ्यालाही सहा दिवसांमागचे आठवावे लागते. राजाची स्मृती आणि श्रोत्याची स्मृती एकाच क्षणी जागी होते. एवढा विश्वास श्रोत्यावर टाकणारी रीत त्याच श्रोत्यासाठी जन्मते, जो सात दिवस बैठक मोडत नाही.

परतीच्या वाटेवर हुमनाबादजवळ माणिकनगर लागते. माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी या भाषांतून पदे रचली आणि सर्व मतांचा आदर करणारा सकलमत संप्रदाय स्थापला. समोर जो बसला आहे त्याच्या भाषेत बोलावे, हे तत्त्व इथे उपासनेचाच भाग झाले. आपले हरिदासही तेच करीत आले आहेत. पूर्वरंगात निरूपण, मग नामाचा गजर, मग उत्तररंगात आख्यान. पण सीमेवरच्या गावात कीर्तन लागले की उत्तररंगात बादशहा दखनी बोलतो, पंत मराठी बोलतात आणि एखादी म्हातारी कन्नडातून आपले गाऱ्हाणे मांडते. श्रोत्यांपैकी प्रत्येकाला आपली पाळी आली असे वाटते.

हे सारे पाहून शाळा उघडल्यावर मी नववीच्या मुलांना एक काम दिले. दामाजीपंतांची गोष्ट घरी कोणाकडून तरी ऐकायची आणि जशी ऐकली तशी लिहून आणायची. वह्या आल्या तेव्हा त्यांच्यात सरळ दोन गट पडले. ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकली, त्यांची गोष्ट दुष्काळापासून सुरू होत होती. आजी आधी दुष्काळ सांगते, कारण तिने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. तिच्या गोष्टीत सुकडी येते, खडी फोडायची कामे येतात, आणि दामाजीपंतांच्या दारातली रांग तिच्या स्वतःच्या गावातली असते. ज्यांनी मोबाइलवर ऐकली, त्यांची गोष्ट दरबारातल्या चमत्कारापासून सुरू होत होती. तीन-चार मिनिटांत आटपायची तर आधी नवल दाखवावे लागते, नाहीतर ऐकणारा बोट सरकवून पुढे जातो. दुष्काळ तिथे एका वाक्यात संपला होता. काही वह्यांत विठू महाराऐवजी नुसता 'एक सेवक' आला होता.

यावरून नव्या रीतीला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. मुसळाच्या घावाइतकी ओवी जर चालते, तर तीन मिनिटांची गोष्ट का चालू नये? आखूडपणा हा दोष नव्हे. वचनही आखूडच असते. फरक दुसरीकडे आहे. वचनातून श्रोत्याला हाक येते. मोबाइलमधला सांगणारा श्रोत्याला पाहू शकत नाही. हुंकार थांबला तरी त्याला कळत नाही, आणि निजलास का, असे तो विचारत नाही. श्रोत्याने मध्येच काही विचारले, तर गोष्ट थांबत नाही.

विचारले तर काय होते, हे त्याच तासाला दिसले. आजीकडून गोष्ट लिहून आणलेली एक मुलगी उभी राहिली. चोखामेळा मंगळवेढ्याचेच ना, असे तिने आधी विचारले. मी होकार दिला. मग ती म्हणाली, "सर, देव महार होऊन आला तर त्याला बादशहाच्या दरबारात जाता आलं. मग चोखोबांना देवाच्या देवळात का जाता आलं नाही?" वर्ग एकदम शांत झाला. हे तिने आजीलाही विचारले होते. आजी गोष्ट तिथेच थांबवून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणूनच देवाला यावं लागलं असेल, बाई."

महिपतींच्या श्रोत्याने हा प्रश्न कदाचित विचारला नसता. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांच्या तोंडी तो येणारच. मी मुलांना १९४७ ची ती हकीकत सांगितली, अमृतनाकाची कथा सांगितली, सनद आणि पावती यांची तुलना सांगितली. आजीचे उत्तर मात्र कोणत्याच ग्रंथात नाही. ते त्या मुलीच्या प्रश्नातून त्या रात्री जन्मले, आणि यापुढे त्या घरात ही गोष्ट त्या उत्तरासकट सांगितली जाईल. कथनाची रीत बदलते ती अशी. सांगणारा एकटा बसून ती बदलत नाही. ऐकणाऱ्याच्या प्रश्नाने त्याला वळण घ्यावे लागते.

आमच्या सीमाभागात मराठी पुढे कशी टिकेल, याची चिंता या मासिकाच्या वाचकांना असणे स्वाभाविक आहे. शाळा, पुस्तके, वाचनालये यांची गरज आहेच. पण ज्या घरात मूल गोष्टीला हुंकार देते आणि मध्येच प्रश्न विचारते, त्या घरात भाषेचे रोजचे काम चाललेले असते, मग तो हुंकार 'हं' असो की 'हौदु'. सरस्वती गंगाधरांच्या घरातही हेच चालले असणार. एरवी कन्नड बोलणाऱ्या कवीच्या हातून मराठीतला एवढा मोठा कथाग्रंथ झाला नसता.

शाळेत आता एक जाड वही ठेवली आहे. मुले घरून आणलेली गोष्ट तीत उतरवतात. वरच्या ओळीत सांगणाऱ्याचे नाव आणि वय, आणि शेवटी ऐकणाऱ्याने विचारलेला प्रश्न. ज्या गोष्टीखाली प्रश्न नाही, ती गोष्ट पुन्हा एकदा ऐकून यायची, एवढाच नियम आहे. आतापर्यंत एकेचाळीस गोष्टी झाल्या आहेत. त्यांपैकी नऊ मुलांनी कन्नडात ऐकल्या आणि मराठीत लिहिल्या.